मदत हवी आहे: केरोकानचे वळ आणि जामू

आम्ही सध्या जावा बेटावर, योग्यकर्तात आहोत. परवा आईचं अंग कसकसत होतं. घरमालकीणबाईंनी एका आजोबांना बोलावलं. त्यांनी डोक्यावर फुंकर मारली, ‘मासुक आंगिन’, म्हणजे अंगात वारा शिरलाय, असं सांगितलं आणि तेल लावून नाण्याने पाठ खरवडली. याला इथे केरोकान म्हणतात. बरगड्यांच्या रेषेत लालजांभळे पट्टे उठलेत, अजून तसेच आहेत.

आई ६४ वर्षांची. स्टेंटमुळे क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन या रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या रोज चालू, त्या बंद करणार नाही. ताप नाही, कातडी सोललेली नाही. तिच्या डॉक्टरांना कालच मेसेज केलाय, उत्तर नाही.

आजोबांनी हळद-चिंचेचं जामू, म्हणजे इथला पारंपरिक औषधी काढाही दिलाय. मायेने दिलाय, पण मी थांबवून ठेवलाय. या गोळ्यांबरोबर तो चालेल का? आणि वळ किती दिवसांत उतरले नाहीत तर दवाखाना गाठायचा?