वैमानिकांनी ६५ ला थांबायचं की ६७ ला?

पार्लेकर_मंदार
आयकाओ ही हवाई वाहतुकीचे जागतिक नियम ठरवणारी संघटना. तिची महासभा २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मॉन्ट्रियलला झाली. विमान कंपन्यांच्या 'आयाटा'ने तिथे मागणी केली होती की वैमानिकांची वयोमर्यादा ६५ वरून ६७ करा, फक्त कॉकपिटमधल्या दोघांपैकी एक जण ६५ च्या आतला ठेवा. मागणी मान्य झाली नाही. मला हे पटलेलं नाही.

मुळात हे वयाचं प्रकरण आलं कुठून ते बघा. १९५९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांना साठीचे वैमानिक नकोसे झाले होते. जेट विमानं नुकतीच आलेली, त्यांच्यासाठी जुन्या माणसांना नव्याने शिकवत बसायची तयारी नव्हती. वैमानिक अडून बसले, तेव्हा स्मिथसाहेबांनी थेट एफएए या अमेरिकी हवाई नियामक संस्थेचे प्रमुख क्वेसाडा यांना पत्र लिहिलं. वर्ष संपायच्या आत साठीला थांबण्याचा नियम तयार! हेच क्वेसाडा पुढे त्याच कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. यात वैद्यकशास्त्र किती आणि मालकाची सोय किती, तुम्हीच ठरवा.

पुढे २००६ मध्ये आयकाओने ६५ केलं, २००७ च्या डिसेंबरात अमेरिकेनेही केलं. आभाळ कोसळलं नाही. जपानमध्ये ६७ चालतं. कॅनडा-ऑस्ट्रेलियात देशांतर्गत उड्डाणांना वयाची सरसकट अटच नाही. साठीनंतर दर सहा महिन्यांनी मेडिकल होते, सिम्युलेटरवर परीक्षा होते. पास होणाऱ्याला केवळ केक कापला म्हणून घरी का पाठवायचं?

भाच्याची_मावशी
कारण दारात पोरं उभी आहेत म्हणून!

आमच्या भाच्याने लायसन्स काढलं, दोनशे तास उडवून झाले, टाइप रेटिंगचे, म्हणजे ठरावीक विमानाच्या प्रशिक्षणाचे, पैसे वेगळे भरले. बहिणीने फ्लॅट गहाण ठेवलाय. गेलं दीड वर्ष पोरगा एका कॉल सेंटरमध्ये आहे. आणि तुम्ही म्हणताय वरच्यांना अजून दोन वर्षं द्या. एअर इंडियाने ऑगस्ट २०२५ मध्ये ५८ चं ६५ केलंच की. पोट भरत नाही का?

पार्लेकर_मंदार
मावशी, भाच्याबद्दल खरंच वाईट वाटतं, पण दोन गोष्टींची गल्लत होते आहे. टंचाई कॅप्टनची आहे, फर्स्ट ऑफिसरची, म्हणजे सहवैमानिकाची, नाही. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानं मागवली, इंडिगोने त्याच जूनमध्ये ५००. त्यांच्या डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, सीटवर कोण बसणार? दोनशे तासांचा मुलगा नाही बसू शकत. उलट कॅप्टन टिकले तर जास्त विमानं उडतील आणि भाच्याला उजवी सीट लवकर मिळेल.

शिवाय एअर इंडियाचा निर्णय हा कंपनीचं निवृत्तीवय बदलण्याचा. डीजीसीए या आपल्या हवाई नियामकाची मर्यादा आधीपासून ६५ च आहे. त्यांच्याकडे ५८ नंतर अनेकांना कंत्राटावर ठेवत होतेच.

हजरजबाबी
कॅप्टनने राजीनामा दिला तर नियमाने एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. म्हणजे ६७ केलं तरी ६६ व्या वाढदिवसालाच चिठ्ठी द्यायची. असो, चालू द्या.

कमांडर_निवृत्त
सहसा वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही. मी ६५ पूर्ण करून उतरलो आहे. मंदार, तुमचा इतिहास बरोबर आहे. तरी मी ६७ च्या विरोधात आहे.

लोकांना वाटतं भीती हार्ट अटॅकची आहे. नाही हो. त्यासाठी दोघं असतात. आम्हाला शिकवलेलं असतं, दोनदा हाक मारून नीट उत्तर आलं नाही तर शेजारचा गेला असं समज आणि विमान हातात घे. २००९ मध्ये ब्रसेल्सहून न्यूअर्कला येणाऱ्या काँटिनेंटलच्या विमानात साठ वर्षांचा कॅप्टन अटलांटिकवर असतानाच वारला, विमान व्यवस्थित उतरलं. २०२४ मध्ये सिएटलहून इस्तंबूलला निघालेल्या टर्किशच्या कॅप्टनचंही तेच झालं, न्यूयॉर्कला उतरवलं. तो ५९ चा होता.

खरी गोष्ट रात्रीची आहे. चाळिशीत मी पहाटे साडेतीनला उतरून, घरी जाऊन झोपत असे आणि दुपारी ताजा असे. साठीनंतर झोप तुटायला लागली. दिवसाच्या उड्डाणात काहीही फरक नव्हता, उलट जास्त शांतपणे उडवत होतो. पण सलग दुसऱ्या रात्री, पहाटे चार वाजता, धावपट्टी बदलल्याचा निरोप आला की तो डोक्यात शिरायला अर्धा क्षण जास्त लागायचा. हे फक्त मला कळायचं. मेडिकलमध्ये हे दिसत नाही, कारण मेडिकल सकाळी नऊला, रात्रभर झोपून गेल्यावर असते.

दुसरं, आयकाओची मर्यादा ६५ असताना एखाद्या देशाने एकट्याने ६७ केलं, तर ते लोक आंतरराष्ट्रीय विमान चालवू शकत नाहीत. म्हणजे बोइंग ७७७ वरचा कॅप्टन खाली लहान ए३२० वर यायचा, त्याला पुन्हा शिकवायचं, सिमचे (सिम्युलेटरचे) तास त्याच्यावर जायचे. दोन वर्षांसाठी एवढा खटाटोप. अमेरिकेत प्रतिनिधीगृहाने २०२३ मध्ये ६७ मंजूर केलं होतं, पण २०२४ च्या अंतिम कायद्यात ते आलं नाही. तिथल्या वैमानिक संघटनेचा एक आक्षेप हाच होता.

नाडीपरीक्षा
डॉक्टर या नात्याने थोडं. वैमानिकांच्या मेडिकलमागे ढोबळमानाने 'एक टक्का' असा हिशेब असतो, म्हणजे वर्षभरात अचानक निकामी होण्याची शक्यता साधारण त्याच्या आत हवी. हृदयासाठी असा अंदाज बांधता येतो. सावकाश मंदावणाऱ्या मेंदूसाठी फार अवघड. कमांडरसाहेबांचा 'अर्धा क्षण' मोजणारी सोपी चाचणी माझ्या तरी पाहण्यात नाही.

पण वय म्हणजेच धोका हेही खरं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर बोर्डिंग गेटपाशी कोसळून वारलेला वैमानिक ४० वर्षांचा होता. त्यामुळे वयाची रेघ कुठेही ओढा, ती अन्यायकारकच असणार.

एक भीती मात्र वाटते. लोक लक्षणं लपवतात. 'टेम्पररी अनफिट' लागलं की पगाराला कात्री, म्हणून छातीत दुखतंय हे सांगायलाच येत नाहीत. शेवटची दोन वर्षं हातची जाऊ नयेत म्हणून हे वाढेल की कमी होईल?

पार्लेकर_मंदार
लपवाछपवी चाळिशीतही होते, ईएमआय तेव्हाच जास्त असतात. हा मुद्दा ६७ विरुद्ध कसा?

रात्रीचा मुद्दा मात्र मान्य. मग साठीवरच्यांना रात्रीच्या ड्युटीतून वगळा आणि दिवसा ६७ पर्यंत उडू द्या.

रोस्टरची_बळी
हाहाहा. आणि रात्री कोण उडणार? आम्हीच!

मी फर्स्ट ऑफिसर आहे, २९ वर्षांची. वैमानिकांच्या ड्युटी-विश्रांतीच्या नव्या नियमांनी साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ झाली, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली. कंपन्यांना आधीपासून माहीत होतं. तरी माणसं भरली नाहीत, आणि डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द झाली, ते विमानतळांवर झोपलेल्या प्रवाशांनी बघितलं. तेव्हा वेळ मारून नेण्यासाठी रात्रीच्या नियमांतच सवलत दिली गेली. आता साठीच्या पुढचे सगळे दिवसा घेतले, तर उरलेल्या रात्री आमच्या वाट्याला. सीनियर लोकांबरोबर उडायला मला आवडतं, खरंच खूप शिकायला मिळतं. पण माणसांची कमी भरून काढायला आजोबांना थांबवायचं, हा कंपनीसाठी स्वस्तातला उपाय आहे.

भाच्याची_मावशी
बाई, तुझ्या तोंडात साखर पडो. मला दोनशे तासांतलं काही कळत नव्हतं, हे कळलं.

पार्लेकर_मंदार
ठीक आहे, रात्र वगळण्याची सूचना मागे घेतो. सरसकट ६७ चा आग्रहही जरा सैल करतो. पण प्रत्येकाची स्वतंत्र, कडक तपासणी करा, ही मागणी सोडत नाही. आणि ती पहाटे चार वाजता करा!

कमांडरसाहेब, सध्या काय करता?

कमांडर_निवृत्त
आठवड्यातून तीन दिवस सिमवर शिकवतो. परवा सव्वीस वर्षांचा मुलगा होता. मी डाव्या सीटवर बसलो आणि अप्रोचमध्ये न सांगता मान टाकली. त्याने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही. विमान घेतलं. छान उतरवलं. मग मला हलवून विचारतो, सर, तुम्ही खरंच ठीक आहात ना?