तेजस मार्क-१ए: रडार बदललं, जॅमर आला, इंजिनाचं काय?

भट्टीवाला, शिरोली

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीशी (एचएएल) आणखी ९७ तेजस मार्क-१ए, म्हणजे तेजसच्या सुधारित आवृत्तीच्या, विमानांचा ६२,३७० कोटींहून मोठा करार केला. फेब्रुवारी २०२१ च्या करारातली ८३ धरली की १८० विमानं होतात. देशाने आपल्याच लढाऊ विमानावर एवढा विश्वास टाकला याचा मला मनापासून आनंद आहे. तरी एक मत मांडतो, आणि पटलं नाही तर खुशाल भांडा. मार्क-१ए मधल्या सुधारणा चांगल्या आहेत, पण जिच्यावाचून हे विमान पुरतं आपलं होत नाही ती सुधारणा झालेलीच नाही. इंजिन.

बाकी बदललं बरंच. यंत्राने अँटेना फिरवणाऱ्या रडारच्या जागी एईएसए रडार आलं. त्यात शेकडो छोट्या मॉड्यूलची स्थिर अँटेना असते, आणि ती एकाच वेळी अनेक लक्ष्यांवर नजर ठेवते. शत्रूचं रडार गोंधळवणारा जॅमर आहे, ‘अस्त्र’ नावाचं आपलं क्षेपणास्त्र आहे. ९७ विमानांच्या करारात तर बेंगळुरूच्या एलआरडीई या सरकारी रडार प्रयोगशाळेने बनवलेलं ‘उत्तम’ नावाचं रडार आणि विमानाचा बचाव करणारी ‘स्वयं रक्षा कवच’ ही यंत्रणा असेल. स्वदेशी वाटा ६४ टक्क्यांच्या वर जाणार आहे. आणि शेपटात मात्र तेच अमेरिकन जीई कंपनीचं एफ४०४ इंजिन.

मी फाउंड्रीतला माणूस, म्हणून मला हे जास्त टोचतं. कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथे आपण ट्रक-ट्रॅक्टरच्या इंजिनांचे ब्लॉक आणि हेड ओततो. जेट इंजिनाच्या टर्बाइनचं पातंही ओतूनच बनतं. फरक असा की त्या पात्यावर येणारा वायू त्याच धातूच्या वितळबिंदूपेक्षा जास्त तापलेला असतो. पातं टिकतं ते आतल्या बारीक पोकळ्यांतून थंड हवा खेळवल्यामुळे. या पोकळ्यांसाठी आधी सिरॅमिकचा कोअर, त्याभोवती मेणाचा पॅटर्न, त्यावर सिरॅमिकचं कवच. मेण काढून टाकायचं, व्हॅक्यूम भट्टीत निकेलचा मिश्रधातू ओतायचा आणि साचा इतक्या हळू खाली ओढायचा की अख्खं पातं एकाच स्फटिकाचं घडावं. शेवटी कोअर रसायनात विरघळवायचा. कोअर केसभर सरकला तरी जॉब रिजेक्ट. आपल्याकडे ओतीव मालात ब्लो होल (वायूची पोकळी) किंवा श्रिंकेज (धातू आकसल्याची पोकळी) निघालं तर माल परत येतो. तिथे त्या पात्यावर वैमानिकाचा जीव असतो.

ही विद्या कुणी सहज विकत देत नाही, ती स्वतःच कमवावी लागते. हैदराबादच्या डीएमआरएल या सरकारी धातू प्रयोगशाळेने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी एकस्फटिक पाती बनवून त्यातली ६० एप्रिल २०२१ मध्ये एचएएलला दिली, म्हणजे रस्ता सापडलाय. त्या रस्त्यावर आपण विमानाच्या ऑर्डरीएवढा पैसा आणि तेवढीच घाई का करत नाही?

टाकळीचा सैनिक

भट्टीवाले दादा, आमच्या सैनिक टाकळीत घरटी माणूस फौजेत. मी हवाईदलात मिग-२१ वर टेक्निशियन होतो. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप झाला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, आणि हिशेबही दिसला. लढाऊ विमानांच्या मंजूर स्क्वाड्रन (तुकड्या) ४२, उरल्या २९.

इंजिन आपलं पाहिजे, कोण नाही म्हणतंय? पण ते होईस्तोवर पोरांनी काय उडवायचं? पहिलं मार्क-१ए ३१ मार्च २०२४ पर्यंत मिळायचं होतं. ते वर्ष गेलं, २०२५ ही गेलं. त्या फेब्रुवारीत एअरो इंडिया प्रदर्शनात हवाईदलप्रमुखांनीच एचएएलवर विश्वास वाटत नाही असं बोलून दाखवलं. एवढ्या मोठ्या हुद्द्याचा माणूस असं उगाच बोलत नाही. आम्हाला विमान वेळेत पाहिजे. इंजिन अमेरिकेचं आहे का कुणाचं, हे तळावर राबणाऱ्याला दुय्यम आहे. बिघडलेल्या यंत्रणेचा डबा पटकन काढता येतो का, सुटा भाग स्टोअरमध्ये आहे का, हे त्याचे प्रश्न. मार्क-१ए मध्ये देखभाल सोपी करायला लक्ष दिलंय, आणि मला तीच खरी सुधारणा वाटते.

राजारामपुरीकर

मला तर दोघांचंही पटत नाही. कार्यक्रम १९८३ ला मंजूर झाला. पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ ला, पहिली स्क्वाड्रन २०१६ ला. इंजिन अमेरिकन, सुरुवातीच्या मार्क-१ए चं रडार इस्रायली, इजेक्शन सीट ब्रिटिश. नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबईच्या एअर शोमध्ये जगासमोर विमान कोसळलं आणि आपला वैमानिक गेला. आणखी किती वाट बघायची? शेजारी थांबलेले नाहीत. राफेल आपल्याकडे आहे, वैमानिकांच्या हातात बसलंय. तेच आणखी घ्या, आणि तेजस प्रशिक्षणापुरतं ठेवा. देशाचं रक्षण हे कारखाना चालवण्याचं निमित्त होऊ नये.

शिवाजी पेठेतली

राजारामपुरीकर, दुबईचा तो व्हिडिओ मी पुन्हा बघू शकले नाही. त्या दुःखात मी तुमच्याबरोबर आहे. पण त्यावरून विमान मोडीत काढायचं हे मला मान्य नाही.

मी कंट्रोल सिस्टीम शिकले, म्हणून तेवढंच बोलते. तेजस मुद्दाम अस्थिर ठेवलेलं विमान आहे. चपळाईसाठी. संगणक सेकंदाला कितीतरी वेळा दुरुस्ती करत राहतो म्हणून ते हवेत सरळ उडतं, आणि त्या संगणकाचे चार समांतर मार्ग आहेत. हे काम लॉकहीड मार्टिनच्या मदतीने चालू होतं. १९९८ ला पोखरण झालं, निर्बंध आले, आपल्या इंजिनिअरांना तिथून परत पाठवलं. त्यांनी इथे येऊन ते पुरं केलं आणि अडीच-तीन वर्षांत विमान उडवलं. २००१ पासून मार्च २०२४ पर्यंत, जैसलमेरजवळच्या अपघाताआधी, एकही तेजस पडलं नव्हतं. स्वीडनचं ग्रिपेन १९८९ ला पडलं, १९९३ ला स्टॉकहोममध्ये ऐन उत्सवात गर्दीसमोर पडलं. त्यांनी दोष शोधले आणि पुढे गेले. त्या ग्रिपेनचं इंजिनही मुळात एफ४०४ वरूनच घेतलेलं होतं. स्वीडनचं विमान म्हणून कुणी त्याला नाकारत नाही.

आणि भट्टीवाले काका, तुमच्याशीही माझं भांडण आहे. विमान नवं, इंजिन नवं, रडारही नवं, हे सगळं एकदम करायला गेलो म्हणून इतकी वर्षं गेली. कावेरी हे आपलं स्वदेशी इंजिन तेजसच्या गळ्यात बांधलं होतं. वजन आणि जोर जमेना, २००८ ला ते वेगळं केलं. तीच चूक परत नको. इंजिन स्वतंत्र वाढू द्या, तेजसला आहे त्या इंजिनावर उडू द्या.

भट्टीवाला, शिरोली

ताई, वेगळं करा, हरकत नाही. पण वेगळं केल्यावर कावेरीकडे कुणाचं लक्ष उरलं? २०१० मध्ये ते हवेत तपासायला रशियाला न्यावं लागलं, त्यांच्या आयएल-७६ विमानावर बसवून. इंजिन हवेत तपासायचा स्वतःचा उडता मंच अजून आपल्याकडे नाही. जे बनवतोय ते तपासायला दुसऱ्याच्या दारात रांग लावायची, मग ते लवकर कसं होणार?

टाकळीकर, तुमचा उशीर आणि माझं इंजिन हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. जीईने आधीची ६५ इंजिनं २०१६ पर्यंत दिली. आपली पुढची ऑर्डर २०२१ ला गेली. मधल्या काळात त्यांनी ती उत्पादनाची लाइनच बंद केली होती. ती परत उभी करून त्या ऑर्डरीतल्या ९९ इंजिनांपैकी पहिलं आलं मार्च २०२५ मध्ये. तुमची पोरं ज्याची वाट बघत बसली ते हेच इंजिन.

मारुत आठवा. १९६१ ला उडालेलं आपलं विमान, सांगाडा उत्तम. पुरेसा जोर देणारं इंजिन त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही.

टाकळीचा सैनिक

सगळा दोष इंजिनावर घालू नका. रडार, जॅमर, क्षेपणास्त्रं यांची जुळणी आणि चाचण्या, तिथेही वेळ गेलाच. आणि लाइन बंद पडली ती आपण ऑर्डर तोडून-तोडून दिली म्हणून. तो दोष अमेरिकेचा नव्हे, दिल्लीचा. आता ९७ विमानांसाठी ११३ इंजिनांचा करार नोव्हेंबर २०२५ ला केलाय, तसा वेळेवर करत राहिला तर काम भागतं.

कागलकर

वादात थोडी आपल्या गावची गोष्ट. इथून बेळगावला जाताना हायवेवर हत्तरगी लागतं. तिथे एक्वस कंपनीचं विमानांचे भाग बनवणारं संकुल आहे, एअरबसला भाग जातात. कामगार आपल्यासारखेच, हवापाणी तेच. आपल्याकडे का नाही झालं? आपली सवय महिन्याला हजारोंनी एकसारखे हेड ओतायची. विमानाचा भाग शे-दोनशे नग, वर विमान उद्योगातल्या दर्जाचं एएस-९१०० सर्टिफिकेट, प्रत्येक हीटची (एका वेळी वितळवलेल्या धातूची) कागदपत्रं पुढे कित्येक वर्षं सांभाळायची. ट्रकवाल्याकडून पैसे मिळत असताना हे कोण अंगावर घेणार? भट्टीवाले अण्णा, तुम्ही सरकारला विचारताय ते बरोबर, पण एक व्हॅक्यूम भट्टी शिरोलीत सगळ्यांनी मिळून घालायची तयारी आहे का, हेही विचारा. मी माझा वाटा द्यायला तयार आहे.

राजारामपुरीकर

भट्टी घाला, चांगलंच आहे. पण त्यातून पातं निघून इंजिनात बसायला वीस वर्षं. माझा प्रश्न पुढच्या पाच वर्षांचा आहे आणि त्याला इथे कुणी उत्तर दिलेलं नाही.

शिवाजी पेठेतली

पाच वर्षांचं उत्तर नाशिक. तिथल्या ओझरला एचएएलच्या नव्या लाइनवरचं पहिलं मार्क-१ए १७ ऑक्टोबर २०२५ ला उडालं. बेंगळुरूच्या दोन लाइनींत ही तिसरी. राफेल घ्यायलाही करार, बांधणी, वैमानिकांची तयारी यात वर्षं जातातच. ते दुकानातून उचलून आणता येत नाही.

भट्टीवाला, शिरोली

कागलकर, माझी तयारी आहे. उद्यमनगरातल्या दोघा-तिघांशी बोलतो. आणि सरकारकडे माझी मागणी एवढीच: ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर नवं इंजिन करायचं जाहीर केलं, त्याच्या जोडीने उडता चाचणी मंच इथेच उभा करा.

टाकळीचा सैनिक

मंच करा. पण त्यासाठी नाशिकच्या लाइनचा एक रुपया वळवायचा नाही. तेवढं मान्य असेल तर मी तुमच्या बाजूने. नसेल, तर माझा विरोध कायम.