जज ड्रेड: चित्रांसाठी वाचायचा तर कुठून सुरुवात करावी?

कोरी_चौकट

'२००० एडी' या ब्रिटिश साप्ताहिक कॉमिकमधला जज ड्रेड (भविष्यातल्या शहरातला पोलीस आणि न्यायाधीश एकच) वाचायला घ्यायचाय, गोष्टीइतकाच चित्रांसाठी. १९७७ पासून चालू आहे आणि चित्रकार डझनांनी आहेत, त्यामुळे कुठे हात घालावा कळत नाही.
१) आधी कुठला खंड?
२) हेल्मेट कधी निघतच नाही, मग भाव दाखवतात कशाने?
३) एवढ्याशा पानांत एक भाग बसवायची हातोटी शिकायची तर कुठला भाग उलगडून बघावा?
सिनेमांबद्दल नको, प्लीज.

काळी_शाई

'कम्प्लीट केस फाइल्स' (जुन्या भागांचे एकत्र छापलेले खंड) क्रमवार आहेत म्हणून खंड १ उचलू नका. त्यात प्रॉग २ ते ६० येतात (इथे अंकाला प्रॉग म्हणतात). तेव्हा ड्रेडच्या शहराचे नियमच अजून ठरत होते, चित्रंही आठवड्यागणिक वरखाली होतात. इतिहास म्हणून नंतर वाचा.

खंड ५ घ्या, प्रॉग २०८ ते २७०. कारण अगदी साधं आहे. त्यात 'ब्लॉक मेनिया' आहे, नऊ भागांची गोष्ट आणि त्यावर मॅकमॅहन, रॉन स्मिथ, स्टीव्ह डिलन, बोलंड असे चार हात. तिला लागूनच १९८२ची 'अपोकॅलिप्स वॉर' सुरू होते आणि ती सबंध एकट्या कार्लोस एझ्केराची. तेच शहर, तोच माणूस, तोच गणवेश, आणि पाच वेगवेगळ्या रेषा एकाच पुस्तकात. तुलनेसाठी याहून सोयीचं काही नाही.

एझ्केराची रेषा भिंगाखाली धरा. आकृतीची बाहेरची कड अखंड नसते, करवतीच्या दात्यांसारखी तुटक आणि जाड असते. आतल्या रेषा मात्र बारीक. स्वस्त, शाई पिणाऱ्या कागदावर बारीक बाह्यरेषा मागच्या ढिगाऱ्यात विरघळून जाते. ही जाड कड माणसाला पार्श्वभूमीपासून सोडवते. नक्कल करणारे ती सगळीकडे वापरतात, दगडविटांनाही, आणि मग काहीच सुटून दिसत नाही.

झरणी

काळी_शाईंशी सहमत, पण एक इशारा राहिला. मूळ अंक बव्हंशी काळेपांढरे असले तरी मधलं जोडपान रंगीत असायचं. केस फाइल्सच्या सुरुवातीच्या खंडांत ती जोडपानं करड्या छटांत छापली आहेत. रंगासाठी केलेलं काम करडं झालं की गढूळ दिसतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं चित्रकाराने शाई नीट केली नाही. शिवाय आकार मूळ अंकापेक्षा लहान, आणि जोडपानाचा मधला भाग बांधणीत जातो. अशा पानांवरून कुणाच्या शाईकामाबद्दल मत बनवू नका.

खंड २ घेणार असाल तर त्यातल्या 'कर्स्ड अर्थ'मध्ये चार भाग गायब आहेत: प्रॉग ७१, ७२, ७७, ७८. जाहिरातींतली खरी पात्रं वापरल्याने कायद्याची भानगड झाली आणि ते कित्येक वर्षं पुन्हा छापलेच नाहीत. २०१६च्या 'अनसेन्सर्ड' आवृत्तीत पुन्हा आले. तीच घ्या.

उजवा_खांदा

प्रश्न २. चित्रकाराच्या हातात तोंड, हनुवटी आणि गणवेश एवढंच असतं. गणवेश मुद्दाम असमतोल केलेला आहे: गरुड त्याच्या उजव्या खांद्यावर, डाव्या खांद्यावर पट्ट्यांची ढाल, बिल्ला डाव्या छातीवर आणि त्यातून गणवेशाच्या झिपपर्यंत गेलेली साखळी, पिस्तूल उजव्या बुटात. त्यामुळे तो कुठे वळलाय हे चेहऱ्याशिवाय कळतं. खांदे पुढे झुकले की धमकी, गरुड चौकटीत घुसला की दडपण. नवखे चित्र उलटं करून वापरतात किंवा गरुड चुकीच्या खांद्यावर बसवतात. वाचकाला नेमकं काय ते सांगता येत नाही, पण पात्र परकं वाटतं.

तोंडाची रेषा जवळपास कायम खाली वळलेली, म्हणून बदल फार थोडा लागतो. दात दिसले, रेषा सरळ झाली, हनुवटीखालची सावली वाढली, एवढंच. उरलेलं काम समोरची माणसं करतात. त्यांचे चेहरे उघडे असतात आणि भीती तिथे दिसते.

नमुना म्हणून 'जज डेथ लिव्हज' (प्रॉग २२४ ते २२८, ब्रायन बोलंड, खंड ५च) बघा. जज फिअर (जज डेथच्या टोळीतला खलनायक) शिरस्त्राण उघडून आपलं तोंड दाखवतो, ज्याने समोरचा भीतीनेच मरावा. ड्रेड सरळ त्या तोंडात मूठ घालतो आणि ती शिरस्त्राण फोडून मागून बाहेर येते. बोलंडने हात उगारलेला दाखवला नाही, घाव बसून गेल्यानंतरचा क्षण काढला. मधली हालचाल वाचकाच्या डोक्यात घडते.

काळी_शाई

+१. अवांतर: बोलंडची स्वच्छ बारीक रेषा पाहून लोक तिथूनच सुरुवात करतात आणि महिनोन्महिने केसाकेसाएवढ्या रेघा ओढत बसतात. तो काळ्या भागांची वाटणी आधी ठरवतो, बारीक रेघा शेवटी. उलट्या क्रमाने केलं तर पान राखाडी होतं. मॅकमॅहनकडून आधी शिका. सुरुवातीला त्याला एझ्केरासारखं काढायला बसवलं होतं, पुढे त्याचे आकार इतके ठोकळेबाज आणि मोठे होत गेले की बूट डोक्याहून मोठे दिसू लागले. आकाराची धिटाई तिथे दिसते.

तिसरं_पान

प्रश्न ३ साठी: 'जज डेथ', प्रॉग १४९ ते १५१, १९८०, खंड ३. तीनच भाग. लेखक जॉन वॅग्नर, चित्रं बोलंडची. मन वाचणारी जज अँडरसनही यातच पहिल्यांदा येते. असं करा:

आधी संवादांच्या फुग्यांवर कागद ठेवून वाचा. कोण, कुठे, काय करतंय हे चित्रांवरूनच कळायला हवं. जिथे अडाल तिथे खूण करा, मग फुगे उघडा. तिथला मजकूर माहिती देतोय की चित्रातलंच पुन्हा सांगतोय ते दिसेल.

मग प्रत्येक पान पाच सेंटिमीटर उंचीच्या खोक्यात उतरवा, फक्त काळं आणि पांढरं, राखाडी नाही. काळे भाग नजर कुठून कुठे नेतात ते लगेच कळतं. फुग्यांवरून एक रेघ ओढा. ती माणसांच्या नजरांच्या दिशेला छेदत असेल तर वाचक चुकीच्या चौकटीत पोचतो. नवशिक्यांच्या पानांत हीच चूक सर्वांत जास्त: बोलणाऱ्यांचा क्रम चित्रात उलटा, मग फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना ओलांडतात.

शेवटी पानाची अखेरची चौकट पाहा. ती प्रश्न टाकते, उत्तर पान उलटल्यावर.

कोरी_चौकट

भरपूर मिळालं, आभार. दोन शंका: रंगीत काम कुठलं बघावं? आणि टॅबवर वाचलं तर चालेल का?

उजवा_खांदा

रंगासाठी 'अमेरिका', १९९०, 'जज ड्रेड मेगाझिन'च्या पहिल्या अंकापासून, कॉलिन मॅकनीलने रंगवलेली. तिथे ड्रेड नायक नाही. गोष्ट सामान्य माणसाच्या तोंडून येते आणि ड्रेड भीतीदायक सत्ता म्हणून दिसतो. खालून पाहिल्याचा कोन कुठे कुठे येतो त्याची नोंद ठेवा. स्वातंत्र्यदेवतेच्या शेजारी तिच्याहून उंच जजचा पुतळा उभा आहे. त्या एका दृश्यात अर्धी गोष्ट सांगून झालेली असते. त्याच वर्षीची 'नेक्रोपोलिस'ही पाहा, एझ्केरा स्वतःच्याच रेषेवर रंग कसा चढवतो ते कळेल.

झरणी

टॅबवर चालेल, पण एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय बंद ठेवा. पानाची रचनाच नाहीशी होते, आणि तुम्हाला तर तीच शिकायचीय. टॅब आडवा धरून दोन पानं शेजारी लावा. पहिलं पान मुखपृष्ठ म्हणून एकटं सोडायची सेटिंग असते, ती चुकली तर सगळी जोडपानं एका पानाने सरकतात आणि मधोमध तुटतात.

काळी_शाई

एक राहिलं. या मालिकेत काळ खराखुरा पुढे जातो, वर्षाला एक वर्ष. १९७७ म्हणजे कथेत २०९९. ड्रेड म्हातारा होतो. खंड ५ झाला की मधलं सगळं सोडून एकदम 'डे ऑफ केऑस' (२०११-१२) उघडा. 'अपोकॅलिप्स वॉर'चं उट्टं तीस वर्षांनी काढलं जातं. हेन्री फ्लिंटच्या पानांतली हनुवटी एझ्केराच्या हनुवटीशेजारी ठेवून बघा. तोंडाभोवतीच्या सुरकुत्या मोजता येतील.