आहेराच्या साड्या रोजच्या कपाटातून हाकलाव्यात का?

सकाळशाळा_जळगाव
मार्च लागला की शाळा सकाळची होते. सातला वर्गात उभं राहायचं तर सहाच्या आसपास आवरून झालेलं पाहिजे. अशा वेळी कपाट उघडावं तर समोर आहेराच्या साड्या, प्लास्टिकच्या पिशव्यांत, देणाऱ्याच्या नावाच्या चिठ्ठीसकट. नेसायची कॉटनची साडी त्यांच्या मागे दडपलेली, ब्लाउज भलत्याच खणात, परकर अजून दोरीवर.

माझं मत असं की रोजच्या कपाटात फक्त रोज अंगावर चढणारं राहावं. आहेर लॉफ्टवर नाहीतर पेटीत. साडी, तिचाच ब्लाउज आणि परकर एका हँगरवर, म्हणजे झोपेतही पूर्ण जोड हाताला लागेल. आणि साड्या एकीकडे, ड्रेस दुसरीकडे, असं लावण्यापेक्षा हवामान बघून लावावं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, धुळ्याकडे थंडीत पाच-सहा अंशांवर उतरतो. दोन्ही ऋतू एकाच कप्प्यात कशाला नांदवायचे? होळीला शाली-स्वेटर वर आणि सुती खाली, दिवाळीनंतर उलटं.

(जाता जाता एक राग काढून घेते. ज्या भागात घरोघरी कापूस पिकतो, तिथे मे महिन्यातल्या लग्नात आहेराला सगळं सिंथेटिक. नेसणार कोण ते?)

पाणी_चौथ्या_दिवशी
ताई, जोड लावून ठेवणं हे रोज नळाला पाणी असणाऱ्यांचं काम. आमच्याकडे धुळ्यात उन्हाळ्यात पाणी कधी चौथ्या दिवशी, कधी त्याहून उशिरा. कॉटनची साडी दोनदा नेसून मग धुवायला जाते, ब्लाउज मात्र घामाने एकाच दिवसात भिजतो. म्हणजे दुसऱ्याच दिवशी तुमचा जोड मोडला. साडी हँगरवर, ब्लाउज बादलीत. मग हँगरला हात घातला की फसवणूकच.

परकर तर कुठल्याही एका साडीचा नसतोच. पांढरा, काळा, मरून आणि एखादा हिरवा असला की निम्म्या साड्या भागतात. माझे परकर गुंडाळी करून एका डब्यात असतात. ब्लाउज रंगाप्रमाणे उभे लावलेले, पुस्तकं लावतो तसे. वरून बघितलं की सगळे दिसतात, एक ओढला तर बाकीचे ढासळत नाहीत.

आणि हल्ली जो तो सांगतो की कपडे कमी करा, म्हणजे सकाळी निवड सोपी. करा की! पाणी येईपर्यंत काय घालायचं तेही सांगा. धुण्याची पाळी जितकी लांब, तितके जोड जास्त लागतात. यात हौस कुठली आली?

सकाळशाळा_जळगाव
परकराचं तुमचं खरं आहे. ब्लाउजचं मला पटत नाही. एकाच साडीवर जाणारा काठाचा ब्लाउज वेगळा ठेवला की ऐन वेळी त्याचीच शोधाशोध होते. रोजचे साधे ब्लाउज ठेवा डब्यात, पण काठाचे साडीच्या घडीतच हवेत.

आबा_एरंडोल
मुली, आहेर म्हणजे तुला अडगळ वाटते का? तो हिशोब आहे. कुणी काय दिलं, त्यांच्याकडच्या कार्यात आपण काय न्यायचं, हे त्या चिठ्ठीवरूनच कळतं. चिठ्ठ्या फेकल्या तर ज्या घरची साडी त्याच घरी परत जाईल आणि मग वर्षभर तोंड लपवत फिरशील. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. लेकीबरोबर नणंद आली, शेजारची पोर आली, तर घरात साडी नको? लग्नसराईत एका दिवसात तीन-तीन पंगती असतात, दर वेळी कोण दुकानात पळणार?

मनी माय पेटी उघाडे तवय बठ्ठं घर गोया व्हये. (माझी आई पेटी उघडायची तेव्हा सगळं घर गोळा व्हायचं.) तुम्ही ती पेटी लॉफ्टवर टाका, म्हणजे अखाजीच्या आदल्या दिवशी माझ्यासारख्याला शिडीवर चढवाल.

सकाळशाळा_जळगाव
आबा, द्यायच्या साड्या टाकून द्या असं मी कुठे म्हटलं? माझ्या नजरेसमोरून हलवा एवढंच. हिशोबाला वही करा. त्यात गाव, घर, कार्य आणि काय आलं ते लिहा, साडीला फक्त क्रमांक.

आबा_एरंडोल
वही शोधायला पुन्हा तेच कपाट उघडावं लागेल.

केळीबाग_रावेर
सगळे साड्यांवरच घसरलात. आमच्या घरात भांडण कपाटाचं नाही, खुंटीचं आहे. केळीचा चीक एकदा कपड्याला लागला आणि वाळला की तो डाग काळा पडतो, मग कुठल्याही साबणाने जात नाही. कापणीच्या दिवशी सकाळी अंधारात हाताला येईल तो शर्ट चढवला आणि निघालो, तो लग्नाला घ्यायचा शर्ट निघाला तर घरी जेवण मिळत नाही.

म्हणून शेतातले कपडे घरातल्या कपाटात ठेवायचेच नाहीत. मागच्या दाराला खुंट्या, तिथेच पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, रुमाल. डाग पडलेला शर्ट बोहारणीला द्यायचा नाही, खुंटीवर बढती द्यायची. हवामानाने लावा म्हणता ते नोकरीवाल्यांना ठीक. शेतकऱ्याने कामाप्रमाणे लावावं. शेत, बाजार, कार्य. मला तेवढं पुरतं.

पाणी_चौथ्या_दिवशी
भाऊ, आणि एकदा घातलेले पण न धुतलेले कपडे कुठे ठेवायचे? आमच्याकडे त्यांच्यासाठी खुर्ची आहे. त्या खुर्चीवर माणूस बसलेला कुणी पाहिला नाही.

फर्निचरवाला_भुसावळ
धंद्यातलं थोडं सांगतो. जुन्या लोखंडी कपाटाची खोली बाहेरूनच साधारण 19 इंच. हँगर 17-18 इंच रुंद. त्यावर साडी किंवा शर्ट चढला की बाह्या दाराला घासतात, दार नीट लागत नाही. म्हणून त्या कपाटांत घड्याच बऱ्या. हँगरचा हट्ट असेल तर लाकडी कपाटाला आतून 22 इंच तरी हवेत. गिऱ्हाईक मोबाइलवरचा फोटो दाखवतं आणि खोली 18 इंच सांगतं, मग मी वाईट ठरतो.

पश्चिमेच्या भिंतीला कपाट लावू नका, असंही सांगतो. मे महिन्यात ती भिंत रात्रीसुद्धा तापलेली असते, सकाळी कपडे गरमच अंगावर येतात. लॉफ्ट तर स्लॅबखालीच, त्याहून गरम. आबांच्या पेटीत जरीच्या साड्या असतील तर त्यांना लॉफ्टवर चढवू नका, पलंगाखाली सरकवा.

सकाळशाळा_जळगाव
पैठणी मी हँगरवर लावा असं म्हटलंच नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. ती मलमलच्या कापडात, आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदलायची. एकाच घडीवर राहिली की जर तिथेच तुटते.

नंदुरबारची_सिस्टर
सगळ्यांनी पेटी म्हटलं आणि मला डांबर गोळ्या आठवल्या. जरीला त्या थेट लागू देऊ नका, जर काळी पडते. पण माझा मुद्दा वेगळा आहे. थंडीत बाळंतीण घरी आली की पेटीतली शाल, कुंची, जुनं मऊ लुगडं काढतात आणि तसंच बाळाला गुंडाळतात. काही बाळांच्या रक्तात एक एन्झाइम जन्मतःच कमी असतं. त्या गोळ्यांची वाफ त्यांच्या तांबड्या पेशी फोडते, मग कावीळ वाढते. बाळाचं कापड गोळ्यांत ठेवूच नका. कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडात बांधून ठेवा. त्याचा जोर कमी असतो, म्हणून अधूनमधून पाला बदलावा आणि कपडे उन्हात टाकावेत. ऊन आपल्याकडे काही कमी नाही.

कपाट कसं लावायचं त्यात मी पडत नाही. मला गणवेश आहे.

पाणी_चौथ्या_दिवशी
फर्निचरवाले दादा, 22 इंच खोलीचं कपाट केलं तर आमच्या पलंगात आणि कपाटात जेमतेम दीड फूट उरतो. दार उघडायचं कुठे?

फर्निचरवाला_भुसावळ
सरकतं दार करा ताई. रुळांमुळे खोली दोन-तीन इंच वाढेल, तेवढं सोसा. फक्त सरकत्या दारात एका वेळी अर्धंच कपाट दिसतं. म्हणजे रोजचं सगळं एका बाजूला आणि आहेर दुसऱ्या बाजूला.

सकाळशाळा_जळगाव
बघा!

पाणी_चौथ्या_दिवशी
बाजू वेगळी चालेल. जोड लावणार नाही.