बंगल्याच्या वर्किंग ड्रॉइंगला १:५० की १:१००? कॅडमध्ये स्केल नेमके कधी ठरवायचे?

नवा_ड्राफ्ट्समन

नमस्कार. स्थापत्याची पदविका घेऊन मी वर्षभरापासून एका लहान आर्किटेक्ट कार्यालयात काम करतो आहे. सध्या माझ्याकडे ९.६० मीटर × १३.२० मीटर मापाच्या, तळमजला अधिक एक मजला अशा बंगल्याची वर्किंग ड्रॉइंग्ज, म्हणजे साइटवर बांधकामासाठी द्यायची ड्रॉइंग्ज, आहेत. महाविद्यालयात हाताने शीट काढताना आधी स्केल ठरवायचे आणि मगच पहिली रेघ मारायची, असे अंगवळणी पडल्यामुळे मी ऑटोकॅडमध्येही तळमजल्याचा प्लॅन सगळी मापे ५० ने भागून काढला आणि डायमेन्शनचे आकडे हाताने टंकले.

या उद्योगाचे फळ लगेच मिळाले. ए२ आकाराची पीडीएफ ग्रिलवाल्याकडे गेली आणि त्याने ती ए३ कागदावर छापून घेतली. शयनगृहाच्या खिडकीजवळ डायमेन्शनची इतकी गर्दी झाली होती की आकडा वाचता येत नव्हता, म्हणून त्याने पट्टी लावली. ती खिडकी कागदावर १७ मिलिमीटर भरली, खाली १:५० लिहिलेले होते, आणि त्या हिशेबाने ८५० मिलिमीटरचे ग्रिल तयार होऊन साइटवर आले. प्रत्यक्षात खिडकी १२०० मिलिमीटरची आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. कॅडमध्ये स्केल कोणत्या टप्प्यावर ठरवायचे? आणि या बंगल्यासाठी ए१ कागदावर १:५० घ्यावे की, आमच्या साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे, ए२ वर १:१०० मध्ये सगळे बसवावे?

त्रिकोणी_पट्टी

आपल्या ग्रिलचा हिशेब आधी लावून टाकू, कारण त्यातच निम्मे उत्तर आहे. ए२ वरून ए३ वर येताना प्रत्येक लांबी सुमारे ०.७०७ पट होते. १२०० मिलिमीटरची खिडकी १:५० मध्ये २४ मिलिमीटर दिसायला हवी. ती १७ झाली, म्हणजे त्या कागदाचे खरे स्केल १:५० न राहता जवळपास १:७१ झाले होते. अशा स्केलची पट्टी कोणाच्याही खिशात नसते. हेच ड्रॉइंग ए१ वर असते आणि ए३ वर छापले गेले असते, तर लांबी बरोबर निम्मी होऊन १:५० चे १:१०० झाले असते आणि निदान नेहमीच्या त्रिकोणी पट्टीने ते मोजता आले असते. ज्या कार्यालयात साइटवरच्या प्रती नेहमी ए३ वर निघतात, तिथे मूळ शीट ए१ ची ठेवावी असे मी सांगतो ते याचसाठी.

आता मूळ चूक. टेबलावर ट्रेसिंग पेपर लावून रॉट्रिंग पेनने काढायचो तेव्हा घर आणि कागद एकाच जागी असायचे, त्यामुळे स्केल आधी ठरवण्यावाचून गत्यंतर नव्हते. कॅडमध्ये या दोन जागा वेगळ्या झाल्या आहेत. मॉडेल स्पेसमध्ये, म्हणजे घर काढायच्या जागेत, २३० मिलिमीटरची भिंत २३० चीच काढायची. तिथे स्केल हा शब्दच उच्चारायचा नाही. लेआउटमध्ये खऱ्या मापाचा कागद असतो, त्यावर व्ह्यूपोर्ट, म्हणजे घर दाखवणारी चौकट, टाकायचा आणि त्या व्ह्यूपोर्टला १:५० किंवा १:१०० द्यायचे. असे केले की डायमेन्शन आपोआप खरे येते. हाताने टंकलेल्या आकड्याचा खरा धोका असा की उद्या भिंत सरकली तरी तो आकडा जागचा हलत नाही.

एक खड्डा आधीच दाखवून ठेवतो. महापालिकेच्या मंजुरीसाठी द्यायच्या सबमिशन ड्रॉइंगमुळे अनेक जण मीटरमध्ये काढतात आणि लेआउटचा कागद मात्र मिलिमीटरमध्ये असतो. अशा वेळी यादीतून १:१०० निवडले की ९.६० मीटरचे घर कागदावर ०.०९६ मिलिमीटरचे होते, म्हणजे रेघेच्या जाडीहूनही लहान, आणि माणूस ते शोधत बसतो. मीटरमधील ड्रॉइंगला १:१०० हवे असेल तर झूम १० एक्सपी (एक्सपी म्हणजे कागदाच्या एककाच्या इतके पट) द्यावे लागते. मिलिमीटरमधील ड्रॉइंगला १/१०० एक्सपी. स्केल दिल्यावर व्ह्यूपोर्ट लॉक करायला विसरू नका, नाहीतर माउसचे चाक चुकून फिरले की १:१०० चे १:९३ झालेले कोणाच्या लक्षातही येत नाही.

गवंडी_ते_गच्ची

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आवडीनिवडीने न देता मोजून द्यावे. १:५० मध्ये आपला प्लॅन १९२ × २६४ मिलिमीटरचा होतो. चारही बाजूंना डायमेन्शनच्या तीन ओळींसाठी ३५ मिलिमीटर धरले तर एका मजल्याला २६२ × ३३४ जागा लागते. ए१ कागद ५९४ × ८४१ चा असतो; उजवीकडे टायटल ब्लॉक (शीटची माहिती लिहायची चौकट) आणि चहूकडे समास सोडूनही दोन मजले शेजारी शेजारी बसतात आणि त्यांच्याखाली एक सेक्शन व एक एलिव्हेशन मावते. ए२ वर १:५० मध्ये एका शीटवर एकच मजला बसेल. १:१०० घेतले तर मात्र ए२ वर सगळे आरामात बसते, त्यामुळे आपल्या साहेबांचे गणित चुकीचे नाही.

परंतु बसणे आणि वाचता येणे यांत फरक आहे. कोणते स्केल घ्यावे हे ठरवताना मी घराकडे पाहत नाही, घरातील सर्वांत लहान जागेकडे पाहतो. आपल्या बंगल्यात १.२० × २.१० मीटरचे स्नानगृह असेल, तर १:१०० मध्ये त्याची लहान बाजू १२ मिलिमीटर होते. २.५ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत त्याचे नाव आणि माप लिहायला साधारण २० मिलिमीटर रुंदी लागते. मग अक्षरे दारावर चढतात, नळाची खूण भिंतीत जाते आणि शेवटी कोणीतरी अक्षरांची उंची कमी करतो. तीच शीट पुढे ए३ वर गेली की २.५ ची अक्षरे पावणेदोन मिलिमीटरची होतात. आपल्या ग्रिलवाल्याने पट्टी का काढली, हे त्यातून कळेल. सबमिशनसाठी १:१०० पुरेसे असते, कारण तिथे क्षेत्रफळ आणि सामासिक अंतरे (प्लॉटच्या हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) पाहायची असतात, आणि तिथले स्केल तसेही नियमावलीने घालून दिलेले असते. साइटवरच्या गवंड्याला मात्र मी १:५० खाली देत नाही.

प्लास्टरच्या बाबतीत १:५० सुद्धा कामाचे नाही. १२ मिलिमीटरचे प्लास्टर १:५० मध्ये ०.२४ मिलिमीटर होते आणि भिंतीची कापलेली रेघच आपण ०.५ ची देतो. खिडकीचा उंबरा, सळ्यांचे बेंड, जिन्याची पायरी यांना १:१० किंवा १:२० चे वेगळे डिटेल द्यावे. मुख्य स्केल टायटल ब्लॉकमध्ये आणि डिटेलचे स्केल त्या त्या आकृतीखाली लिहावे.

मायक्रोमीटर

मी यंत्रभागांच्या ड्रॉइंगमध्ये काम करतो, त्यामुळे थोडे वेगळे मत मांडतो. आपण सगळे १:५० आणि १:१०० बद्दल बोलत आहोत, परंतु आमच्याकडे लहान करण्याइतकेच मोठे करणेही रोजचे आहे. ३८० मिलिमीटर लांबीचा शाफ्ट १:२ मध्ये ए३ वर बसतो, पण त्यावरील ०.४ मिलिमीटरची अंडरकट (कोपऱ्यातील लहान खाचेची) त्रिज्या त्या स्केलमध्ये ०.२ मिलिमीटर होते आणि बाह्यरेषेत बुडून जाते. म्हणून तेवढ्याच भागाभोवती वर्तुळ काढून शेजारी ५:१ चे डिटेल देतो.

त्रिमितीय सॉफ्टवेअर नवीन शीट उघडताना कागदात बसेल असे कोणतेही स्केल, उदाहरणार्थ १:३, स्वतःच निवडून टाकते आणि नवीन मुले ते तसेच ठेवतात. भारतीय मानक आणि आयएसओ ५४५५ (ड्रॉइंगच्या स्केलचे आंतरराष्ट्रीय मानक) या दोन्हींत १:२, १:५, १:१० आणि त्यांचे दहापट अशी मालिका दिलेली आहे. वाढीसाठी २:१, ५:१, १०:१. मोजपट्ट्या त्याच मालिकेच्या मिळतात, एवढे कारण मला पुरते.

एका मुद्द्यावर मात्र मी वरील मताशी सहमत नाही. कागदावर पट्टी लावून माप घेता यावे म्हणून शीटचा आकार ठरवणे मला पटत नाही. आमच्या प्रत्येक शीटवर ‘पट्टीने मोजू नये’ असे छापलेले असते, आणि जे माप लिहिलेले नाही ते विचारूनच घ्यायचे असते.

त्रिकोणी_पट्टी

मायक्रोमीटर, आपल्या कारखान्यात विचारायला ड्रॉइंग ऑफिस त्याच आवारात असते. साइटवर संध्याकाळी सहा वाजता मिस्त्री कोणाला विचारणार? तो पट्टी लावणारच. शीटवर ती सूचना मीही लिहितो, पण त्याच्याखाली मोजपट्टीची आकृतीही काढतो, कारण कागद कितीही आक्रसला तरी ती त्याच्याबरोबर आक्रसते.

नवा_ड्राफ्ट्समन

सर्वांचे मनापासून आभार. प्लॅन खऱ्या मापात नव्याने काढला, ए१ वर १:५० चे व्ह्यूपोर्ट टाकून लॉक केले आणि साहेबांना स्नानगृहाचे दोन्ही नमुने छापून दाखवले; १:१०० चा कागद त्यांनी चष्मा काढून डोळ्यांजवळ नेला आणि काही न बोलता ए१ ला होकार दिला. शीटच्या तळाशी ५ मीटरची मोजपट्टीही काढली. ती १०० मिलिमीटर भरायला हवी, पण प्लॉटरवर छापून आणलेल्या पहिल्या प्रतीत ९७ भरली. ए१ वर ए१ च छापलेले असताना हे कसे झाले?

गवंडी_ते_गच्ची

दुकानात पीडीएफ छापताना ‘फिट’ हा पर्याय निवडलेला असणार. मग प्रिंटर स्वतःचा समास सोडण्यासाठी सगळी शीट थोडी आवळतो. ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’ किंवा १०० टक्के निवडायला सांगा, आणि आपल्या लेआउटची चौकट कागदाच्या कडेपासून किमान १० मिलिमीटर आत ठेवा, म्हणजे त्याला आवळण्याची गरज पडणार नाही. प्रत हातात घेतल्यावर पैसे देण्याआधी ती मोजपट्टी तिथेच मोजून पाहा.