नाटकाच्या साथीला नवा कीबोर्ड: ड्रॉबारवाला घ्यावा का?

पांढरी_दोन
देवगड तालुक्यातलं आमचं गाव. ग्रामदेवतेच्या उत्सवात दरवर्षी एक संगीत नाटक होतं, साथीला बारा वर्षांचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड. यंदा नांदीला षड्ज धरून ठेवला, तर आमचे सूत्रधार विंगेत येऊन म्हणाले, "मागे फ्रिज लावलायस काय?" मंडळाने ६० हजार काढलेत. मला जुन्या नाटकांतल्या ऑर्गनसारखा आवाज हवाय, आणि माझं मत पक्कं आहे: रोलँडचा व्हीआर-०९ कीबोर्ड, सेकंडहँड मिळाला तरी चालेल. नऊ ड्रॉबार (मागे-पुढे ओढून ऑर्गनचा आवाज जुळवायचे दांडे), वजन साडेपाच किलो, काखेत मारून नेता येतो. हजार आवाजांची भेळ असलेला डबा नको. बोला.

जुनी_भाता
साफ चूक. ड्रॉबार ही हॅमंड ऑर्गनची चीज. १९३५ साली तो आला, त्यात दातेरी चक्रं विजेवर फिरतात आणि गुळगुळीत, गोल स्वर निघतो. आपल्या नाटकांतला ऑर्गन पायाने भाता मारायचा, हवा ओढून पितळी पत्ती थरथरवणारा. त्या आवाजाला कड असते, ती दांडे ओढून येत नाही. जाहिरातीत 'ऑर्गन' वाचलंत आणि भुललात!

घंटेचा_आवाज
वेंगुर्ल्याकडे चर्चमध्ये कॉयरला वाजवतो, ड्रॉबारवरच. शंभर माणसं एकदम गाऊ लागली की तो भरीव आवाजच त्यांना पेलतो, त्यामुळे ड्रॉबारला नावं ठेवू नका. मात्र पांढरी_दोन, एक ऐका. दांड्यांना आकडे असतात: ८ चा दांडा म्हणजे दाबलेलाच स्वर, १६ चा खालचं सप्तक, ४ चा वरचं. पण ५⅓ आणि २⅔ चे दांडे ओढलेत, तर सा दाबल्यावर त्यात पंचमही मिसळतो. आम्हाला तो चालतो. तुमचा नट मालकंस रागातलं पद म्हणत असेल तर? जिथे पंचम वर्ज्य, तिथे तुम्हीच तो मागून वाजवत बसाल.

पांढरी_दोन
हे डोक्यात आलं नव्हतं. ते दोन दांडे आत ठेवीन. पण म्हणून ड्रॉबार सोडायचे?

जुनी_भाता
सोडायचेच. हार्मोनियमचा किंवा अकॉर्डियनचा टोन घ्या, सुरुवातीची टोच कमी करा, खालच्या सप्तकाची हलकी जोड द्या, बोटाच्या जोरावर आवाज बदलणारा टच बंद करा. आणि मुख्य म्हणजे एक्स्प्रेशन पेडल, पायाने आवाज लहान-मोठा करणारं. तुमच्या नांदीत फ्रिज कशामुळे लागला? स्वर होता तसाच पडून राहिला म्हणून. भात्यावरचा पाय गायकाच्या श्वासाबरोबर हलतो, स्वर फुगतो, उतरतो. स्वस्त कीबोर्डांना बहुतेकदा एकच सस्टेन पेडल (स्वर लांबवणारं) लागतं, ते ऑर्गनला काय कामाचं? दुकानात आधी मागची बाजू बघा, एक्स्प्रेशनची जागा आहे का ते.

गाबतान
सगळ्यांका हात जोडून सांगतंय, ६० हजार कित्याक घालतास? आमच्या दशावताराक अजून पायपेटीच आसा. रातभर वाजता, लाईट गेली तरी वाजता. तुमचो कीबोर्ड लाईट गेली काय मुको!

पांढरी_दोन
बाबा, पायपेटीला आमचा विरोध नाही, पण आमचा नायक पांढरी दोनमध्ये गातो आणि नायिका काळी चारमध्ये. सूर वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण आहे म्हणून माझी अब्रू शिल्लक आहे.

गाबतान
मगे बटण गाता काय? बोटा वळवूक शिक!

घंटेचा_आवाज
एक व्यवहाराचं. आमच्याकडचा आधीचा कीबोर्ड तीन पावसाळ्यांत गेला. पट्टीखाली रबराची कार्बन लावलेली पट्टी असते, खारी दमट हवा लागून तिचा संपर्क बिघडतो. मग एक स्वर मुका होतो, दुसरा उगाच किंचाळतो. आमचा वरचा ग ऐन मिस्साच्या मध्यात किंचाळला होता. सेकंडहँड घेताना प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात, दोन्ही तऱ्हांनी वाजवून बघा. आणि व्हीआर-०९ला स्वतःचे स्पीकर नाहीत, तो खर्च ६० हजारांत धरलाय का?

पांढरी_दोन
नव्हता धरला. रविवारी कणकवलीला एक वापरलेला बघायला जातोय, नायिकेला सोबत घेऊन. तिने डोळे मिटून ऐकायचं, मी दांडे आणि पेडल दोन्ही वाजवणार. जुनी_भाता, पेडलचं मला मान्य. दांड्यांचं अजून नाही.

जुनी_भाता
मालकंस वाजवून बघा म्हणजे झालं.