चौकट काढली तर कथेचे काय उरते?

मूळ मत:
चौदाव्या शतकातील इटालियन लेखक बोकाच्चोच्या ‘डेकॅमेरॉन’ या कथासंग्रहातल्या निवडक कथा सुट्या छापण्याची प्रथा मला साफ अमान्य आहे. 1348 च्या प्लेगमुळे फ्लोरेन्स सोडून गेलेल्या सात तरुणी आणि तीन तरुण दहा दिवस कथा सांगतात. ही बाहेरची गोष्ट म्हणजे कथांची चौकट. कोण सांगते आहे, यावर कथेचा अर्थ ठरतो. ग्रिसेल्दाची शेवटची कथाच पाहा. मुलांना मारून टाकल्याचे भासवून आणि पुढे घराबाहेर काढून नवरा तिची सहनशीलता जोखतो. मात्र ही कथा सांगणारा खट्याळ दिओनेओ नवऱ्याच्या वागण्याला आरंभीच खुळा पशुपणा म्हणतो. इटालियन कवी पेत्रार्कने 1373 मध्ये तिचे लॅटिन रूपांतर करताना दिओनेओला वगळले आणि तीच कथा ईश्वरी परीक्षेत अढळ राहण्याचा धडा झाली.

प्रतिसाद:
आपला दाखला आपल्याच मुद्द्यावर उलटतो, कारण त्या सुट्या लॅटिन रूपामुळेच ग्रिसेल्दा इंग्रज कवी चॉसरपर्यंत पोचली. शिवाय तेराव्या शतकाच्या अखेरच्या ‘नोव्हेल्लिनो’ या इटालियन कथासंग्रहाला कुठे अशी चौकट आहे? त्यातल्या एका कथेत आत्सोलिनो नावाच्या धन्याचा कथेकरी झोपेला आला आहे आणि धनी कथा सांग म्हणतो. तो सांगतो, की शेतकऱ्याने मेंढ्या घेतल्या, वाटेत नदीला पूर आला आणि होडीत एका वेळी एकच मेंढी मावते. एवढे सांगून तो गप्प बसतो. पुढे काय, असे विचारल्यावर म्हणतो, ‘आधी मेंढ्या तर पार होऊ द्या, मग सांगतो!’ दहा-बारा ओळींच्या या कथेत काय कमी आहे?

मूळ मतकर्त्याचे उत्तर:
कमी काहीच नाही, कारण झोपाळू कथेकरी आणि ऐकणारा धनी हीच तिची चौकट आहे. ते दोघे काढा. मेंढ्यांची नुसती वाहतूक उरेल.

दुसरा प्रतिसाद:
हे मान्य, पण मग चौकट कथेच्या पोटातच असते, बाहेरचे दहा जण नसले तरी चालते. ‘डेकॅमेरॉन’मधलाच चिचिबिओ हा आचारी भाजलेल्या क्रौंचाची एक तंगडी प्रेयसीला देतो आणि क्रौंचाला पायच एक असतो, असे धन्याला ठणकावून सांगतो. पहाटे नदीकाठी एका पायावर उभे असलेले क्रौंच धनी ‘हो, हो’ ओरडून उडवतो, तेव्हा सर्वांचे दोन्ही पाय दिसतात. सहाव्या दिवसाचा विषय हजरजबाबीपणा होता, हे ठाऊक नसलेला वाचकही चिचिबिओच्या उत्तराला हसतोच: ‘धनी, काल रात्री ताटातल्या क्रौंचावर आपण असे ओरडलाच नाहीत!’